वेळेआधी म्हणजे कधीच्या आधी?

दर वर्षी एप्रिल लागला की कुठे ना कुठे बातमी झळकते: ‘यंदा बहावा वेळेआधीच फुलला.’ फेब्रुवारीत विक्रोळीच्या बाजूला पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेची टॅबेबुया गुलाबी झाली की तिचेही फोटो येतात आणि खाली बहुधा तेच वाक्य असतं. या बातम्या मी आवडीनं वाचते. मान वर करून झाडाकडे बघणारी माणसं या शहरात अजून आहेत, याचा आनंद होतो. पण वाचून झाल्यावर प्रश्न उरतोच. वेळेआधी म्हणजे कधीच्या आधी? गेल्या वर्षी तोच बहावा कोणत्या तारखेला फुलला होता? त्याच्या आदल्या वर्षी? दादरच्या आणि मुलुंडच्या बहाव्यात किती दिवसांचं अंतर पडतं? उत्तर बातमी देणाऱ्याकडे नसतं आणि वाचणाऱ्याकडेही नसतं. ज्या महापालिकेच्या दफ्तरी त्या झाडाची नोंद आहे, तिच्याकडेही ते सापडणं कठीण.

झाडांची मोजदाद मुंबईत झालेली आहे. पालिकेच्या गणनेप्रमाणे शहरात २९ लाख ७५ हजारांच्या घरात झाडं आहेत. झाडांच्या संरक्षणाच्या १९७५च्या राज्य कायद्यानं दर पाच वर्षांनी अशी गणना करण्याची जबाबदारी वृक्ष प्राधिकरणावर टाकली आहे. हे काम मोठं आहे आणि मोलाचंही. पण पाच वर्षांतून एकदा झाडापाशी जाऊन आलेल्या माणसाला ते त्या एका दिवशी जसं होतं तसंच दिसतं. जातीच्या नावापुढे फुलण्याचे महिने लिहिले, तरी ते पुस्तकातून उतरवलेले असणार. अमुक नाक्यावरचं तमुक झाड यंदा पालवीला कधी आलं, हे त्याच्या समोरून रोज ये-जा करणाऱ्यालाच कळू शकतं. म्हणून माझं म्हणणं असं की झाडांच्या ऋतूंची वही ठेवणं हे या शहरात रहिवाशांचंच काम आहे. त्यासाठी वनस्पतिशास्त्र यावं लागत नाही. आणि ही वही छाटणीच्या, तोडीच्या, लागवडीच्या निर्णयात पुरावा म्हणून मानली गेली पाहिजे.

बहाव्याचंच घ्या. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो, असं आपल्याकडे सांगतात. उन्हाळ्यात तो मजकूर पिवळ्या घोसांच्या फोटोसह मोबाइलवर फिरत असतो. खरं आहे का हे? पावसाची बाजू आपल्याला चोख ठाऊक आहे, कारण कुलाब्याला एकोणिसाव्या शतकापासून हवामानाच्या नोंदी होत आल्या आहेत. मोसमी पाऊस मुंबईत पोचला तो २०२३ साली २५ जूनला, २०२४ साली ९ जूनला आणि २०२५ साली २६ मेला. ही शेवटची तारीख १९५०पासूनच्या नोंदींत सर्वांत लवकरची. आता पंचेचाळीस दिवस मागे मोजा. बहावा २०२३मध्ये ११ मेला, २०२४मध्ये २५ एप्रिलला आणि २०२५मध्ये ११ एप्रिलला फुलायला हवा होता. तीन वर्षांत महिन्याभराचा फरक! एवढा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो, यंत्र लागत नाही. शे-दोनशे मुंबईकरांनी आपापल्या गल्लीतल्या बहाव्याचा पहिला घोस उमलल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवली असती, तरी आज या समजुतीची परीक्षा झाली असती. माझा अंदाज, ती इतकी काटेकोर ठरणार नाही, कारण एकाच रस्त्यावरचे दोन बहावेसुद्धा एका दिवशी फुलत नाहीत. पण माझ्या अंदाजालाही नोंदीचा आधार नाहीच. ही समजूत ज्यांनी घडवली त्यांनी निदान झाडाकडे आणि आभाळाकडे एकत्र बघितलं होतं. आपण नुसताच त्यांचा निरोप पुढे पाठवतो.

मुंबईला ऋतूच नाहीत, उकाडा आणि पाऊस एवढेच दोन, असं म्हणणारे मुंबईकर मला जिथे तिथे भेटतात. त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये पंधरा दिवस फक्त पिंपळाकडे बघावं. जुनी पानं गळून जातात आणि काही दिवसांतच तांबूस, चकचकीत, इतकी कोवळी पालवी येते की मागचं ऊन तिच्यातून आरपार दिसतं. कोवळ्या पानात हिरवं द्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं आणि तांबडं द्रव्य त्याला प्रखर उन्हापासून जपतं, म्हणून हा रंग. कुसुम तर मार्चमध्ये नव्या पानांनी असा लालभडक होतो की लांबून फुललेलाच वाटावा. देशी बदामाची पानं गळण्याआधी लाल होतात. म्हणजे एका झाडाचा लाल रंग जन्माचा, दुसऱ्याचा निरोपाचा. पांगारा आणि काटेसावर एकही पान अंगावर न ठेवता फुलतात. मग त्या लाल फुलांवर बुलबुल, साळुंक्या, कावळे, खारी सगळ्यांची झुंबड उडते. ऑक्टोबरात सातवीण फुलते तेव्हा तिचा वास रात्री चौथ्या मजल्यापर्यंत चढतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कारवीचं घड्याळ तर वर्षांचं आहे: ती २०१६ला फुलली, मग २०२४ला.

यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट पाण्याची आहे. ऑक्टोबरनंतर मुंबईत पावसाचा थेंब क्वचितच पडतो. मार्च-एप्रिलपर्यंत वरची माती कोरडीठाक झालेली असते. आणि नेमकी तेव्हाच आपली कितीतरी झाडं नवी पानं काढतात. पाऊस आल्यावर पालवी फुटायला हवी, असं आपल्याला वाटतं. झाड मात्र पाऊस येईपर्यंत पानं तयार ठेवतं, म्हणजे पहिल्या सरीपासून त्याचं अन्न बनवणं सुरू. खोलवरची मुळं, खोडात साठवलेलं पाणी आणि वाढत जाणारा दिवस यांच्या जोरावर हे चालतं. करंजाला ऐन उन्हाळ्यात पोपटी होताना बघितलं की मला दर वर्षी तितकंच नवल वाटतं.

हे नवल निर्णयांपर्यंत पोचत नाही, ही माझी तक्रार आहे. आमच्या भागातल्या एका सोसायटीच्या आवारात पांगारा आहे. एका फेब्रुवारीत तिथले एक काका गेटपाशी उभं राहून वॉचमनला सांगत होते, “हे वाळलंय रे पार. पावसात कुणाच्या डोक्यात पडायच्या आधी अर्ज करून काढून टाकू.” शेजारच्या आजी पिशवी सावरत म्हणाल्या, “अहो, वाळलं कसलं? थोडं थांबा, फुलेल आता. दर वर्षीचंच आहे त्याचं.” काका ऐकणारे होते म्हणून अर्ज गेला नाही आणि मार्चमध्ये झाड लाल झालं. पण आजींचं ते ज्ञान कुठेही लिहिलेलं नाही. उद्या पुनर्विकास आला, आजी मुलाकडे राहायला गेल्या, आणि पाहणीला येणारा माणूस नेमका जानेवारीच्या अखेरीस आला, तर निष्पर्ण पांगाऱ्यापुढे तो काय लिहील? एका दिवसाच्या पाहणीत झोपलेलं झाड आणि मेलेलं झाड सारखंच दिसू शकतं.

पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचंही तसंच. छाटणी करू नका असं मी मुळीच म्हणत नाही. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. पहिल्या वादळी पावसात त्याच्या फांद्या गाड्यांवर, माणसांवर पडतात आणि मुंबईत त्यात जीव गेले आहेत. ज्याचं माणूस गेलं त्याला फुलांचं कौतुक सांगणं क्रूरपणाचं होईल. छाटणी हवीच. प्रश्न कोणती फांदी आणि कोणत्या आठवड्यात, एवढाच. एप्रिल-मे हे छाटणीच्या गर्दीचे महिने, आणि ताम्हणीच्या फुलण्याचेही तेच. महाराष्ट्राचं राज्यपुष्प असलेल्या या झाडाचे जांभळे तुरे फांद्यांच्या टोकांना येतात, म्हणजे शेंडे उडवले की त्या वर्षीचा बहर गेला. कावळ्यांची घरटीही याच सुमारास असतात आणि त्यांत कोकिळेची अंडी. एखादं झाड मार्चमध्येच पालवून घेत असेल, तर त्यानंतर त्याच्या मेलेल्या फांद्या आपोआप उघड्या पडतात, कारण बाकीचं झाड हिरवं झालेलं असतं आणि त्या तशाच काळ्या राहतात. काढायच्या त्या फांद्या झाड स्वतःच दाखवत असतं. पण त्यासाठी हे झाड मार्चमध्ये पालवतं आणि पलीकडचं मेमध्ये, हे कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं असायला हवं. नाहीतर सरसकट करवत चालते: धोक्याची फांदी राहून जाते आणि कळ्यांनी भरलेली खाली येते.

आता नवखा माणूस हे कसं करणार? कठीण काही नाही, चिकाटी लागते तेवढी. रोजच्या वाटेवरचं एकच झाड निवडावं. स्टेशनकडे जाताना, भाजी आणताना, मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडताना आपोआप समोर येणारं. आंबा, जांभूळ, करंज, बहावा, गुलमोहर, देशी बदाम यांतलं एखादं असलं तर ओळख पटवायला सोपं जातं. आठवड्यातला एक वार ठरवावा आणि त्या दिवशी त्याच जागेवर उभं राहून बघावं: कोवळी पानं, जून पानं, पिवळी पडून गळणारी पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘पुष्कळ’ यांपैकी एक शब्द. त्याच जागेवरून मोबाइलवर एक फोटो काढावा. दोन मिनिटांचं काम.

यात ‘नाही’ हा शब्द लिहायचा नवख्यांना कंटाळा येतो. फुलं दिसली की उत्साहानं लिहितात, आणि काही नसलं की वही उघडतच नाहीत. पण ४ एप्रिलला ‘फुलं नाहीत’ आणि ११ एप्रिलला ‘थोडी’ असं लिहिलेलं असेल तरच बहर त्या आठवड्यात सुरू झाला हे ठामपणे म्हणता येतं. आधीची पानं कोरी असतील तर ११ एप्रिल ही फक्त आपण वर बघितल्याची तारीख.

तारीख इंग्रजी महिन्याचीच घालावी. होळीला पळस फुलतो, पाडव्याला पालवी येते, हे ऐकायला गोड आहे. पण २०२३चा पाडवा २२ मार्चला होता आणि २०२४चा ९ एप्रिलला. झाडांना अधिक महिना कळत नाही, ती सूर्याच्या मागे असतात. आपल्या शेतकऱ्यांची पावसाची नक्षत्रं म्हणूनच सूर्यावर बांधलेली आहेत, आणि मृग दर वर्षी जूनच्या सात-आठ तारखेलाच लागतं.

काही गोष्टी आधी ठाऊक असल्या तर गोंधळ टळतो. बहाव्यावर गेल्या वर्षीच्या लांब काळ्या शेंगा आणि यंदाची फुलं एकाच वेळी लटकत असतात, त्यामुळे जुन्या शेंगा यंदाच्या फळांत धरू नयेत. वड, पिंपळ, उंबर यांची फुलं फळासारख्या गोळ्याच्या आत असतात, ती बाहेरून दिसायचीच नाहीत. ही झाडं आपापल्या वेळापत्रकानं चालतात. एका पिंपळाची फळं एकदम येतात, पण शेजारच्या पिंपळाची त्याच वेळी येतील असं नाही. प्रत्येक जातीची फळं विशिष्ट चिमुकल्या गांधीलमाशीवर अवलंबून असतात आणि त्या माश्यांना एका झाडावरून उडून दुसऱ्यावर कोवळी फळं मिळावी लागतात. सगळे पिंपळ एकदम फळले तर पुढच्या पिढीला माश्याच उरणार नाहीत. म्हणून आपला पिंपळ इतरांच्या जोडीनं फळला नाही तर त्यात काही बिघडलेलं नाही, जसं दिसलं तसं लिहावं. याच बाबतीत मला नवखा माणूस जाणत्यापेक्षा भरवशाचा वाटतो. ‘हे तर एप्रिलमध्ये फुलतं’ असं आधीच ठाऊक असलेला मार्चमधली कळी नजरेआड करू शकतो. ज्याला काहीच ठाऊक नाही, तो फक्त समोरचं लिहितो.

यावर जाणकारांचा आक्षेप मला माहीत आहे: हौशी लोकांच्या नोंदी चुकीच्या असतात. काही असतीलच. पण प्रश्न ‘फुलं आहेत की नाहीत’ इतका साधा ठेवला, तारखेचा फोटो जोडला आणि एकाच जातीची पुष्कळ झाडं वेगवेगळ्या लोकांनी बघितली, तर एकाची चूक बाकीच्यांत विरून जाते. याचा दाखला लांब शोधायला नको. ‘सीझनवॉच’ हा झाडांचे ऋतू नोंदण्याचा देशव्यापी उपक्रम दशकाहून अधिक काळ चालू आहे आणि त्यात केरळमधल्या शाळकरी मुलांचा वाटा फार मोठा आहे. केरळात एप्रिलच्या मध्यावर विषूचा सण येतो आणि त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा डोळ्यांसमोर धरायचं फूल म्हणजे कणिकोन्ना, आपला बहावाच. तो विषूच्या कितीतरी आधी फुललेला असतो, हे तिथल्या मुलांच्या नोंदींतून दिसलं. चौथी-पाचवीतल्या मुलांना जमलं ते आपल्याला जमणार नाही? सीझनवॉचवर मुंबईतलं झाडही नोंदवता येतं. तिथे नको तर साधी वही चालेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन-चार वर्षांच्या नोंदींवरून हवामान बदललं असं म्हणता येतं का? नाही येत. एखाद्या वर्षी थंडी जास्त टिकते, एखाद्या वर्षी पाऊस ऑक्टोबरभर रेंगाळतो. एखाद्या झाडाच्या मुळाशी पाइप गळत असतो, एखाद्याच्या बुंध्याभोवती काँक्रीट ओतलेलं असतं. मुंबई म्हणजे एक हवामान असंही नाही: २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नव्हता. म्हणूनच प्रत्येक लवकरच्या बहराला हवामानबदलाची चिठ्ठी चिकटवणारे लोक घाई करतात असं मला वाटतं. दिशा कळायला दशकं लागतील. पण छाटणी कधी करायची, हे झाड मेलंय की नाही, याची फळं कोण खातं, हे कळायला दोन वर्षंही पुरतात. आणि दशकांची वही कुणीतरी कधीतरी पहिल्या पानापासूनच सुरू करतं. जुनं अगदीच काही हाती नाही असंही नाही. सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये वाळवून जपलेले वनस्पतींचे जुने नमुने आहेत, आणि नमुन्यावर तो गोळा केल्याची तारीख असते. फुलासकट वाळवलेली फांदी म्हणजे त्या झाडाच्या त्या दिवसाची साक्षच. आजच्या नोंदी असतील तरच ती ताडून बघता येईल.

शाळांविषयी थोडं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव येतो, रोपं लावली जातात, फोटो निघतात. रोप लावणं चांगलंच आहे. पण शाळेच्या फाटकाबाहेर उभा असलेला शिरीष किंवा करंज वर्षभर बघायला एक पैसा लागत नाही, आणि पाचवीत सुरू केलेली वही दहावीपर्यंत नेली तर मुलाच्या हातात सहा वर्षांचा, त्याचा स्वतःचा, कुठल्याही पुस्तकात नसलेला तक्ता असेल. प्रकल्पवह्यांत इंटरनेटवरून चिकटवलेल्या चित्रांपेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटतं.

पालिकेकडून फार मोठ्या अपेक्षा नाहीत. प्रत्येक विभाग कार्यालयानं छाटणीच्या झाडांची यादी जानेवारीतच लावावी, रस्त्याच्या आणि झाडाच्या नावासह, म्हणजे लोकांना ‘हे मार्चच्या अखेरीस पालवतं, तेव्हा बघून मेलेल्या फांद्या काढा’ असं वेळेत कळवता येईल. उद्यान खात्यानं जातवार वेळापत्रक आखावं आणि ते रहिवाशांच्या नोंदींनुसार दर वर्षी सुधारावं. झाड मृत ठरवायचं असेल तर एका पाहणीवर ठरवू नये. पानगळीच्या दिवसांत एक आणि मेमध्ये एक, अशा दोन पाहण्या व्हाव्यात. १९७५च्या त्याच कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण दिलं आहे. निदान त्यांच्यासाठी तरी वर्षभराची ऋतुनोंद सक्तीची असावी.

आणि झाड तोडण्याच्या नोटिशीवर हरकती मागवल्या जातात तेव्हा आपण रहिवासी काय पाठवतो, तेही बघायला हवं. ‘झाडं वाचवा’ एवढंच लिहिलेलं पत्र बाजूला ठेवणं सोपं असतं. त्याला या झाडाची आठवडावार नोंद जोडलेली असेल, पालवी कधी, फुलं कधी, फळं पिकली कधी, घरटं कोणत्या फांदीवर आणि कोणत्या महिन्यात, आणि सोबत तारखांचे फोटो, तर त्या पत्राला उत्तर देताना अधिकाऱ्याला त्या झाडापाशी जावं लागेल.